नूर मिस्त्रीची जपानी मनवार

नगरला समुद्र नाही. हे सांगायला मास्तर लागत नाही. ज्या गावात चैत्र लागला की कावळासुद्धा रांजण बघून बसतो, तिथं समुद्राची चौकशी कोण करणार? तरीपण चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात झेंडीगेटच्या एका बोळात, लिंबाच्या झाडाखाली, एक जपानी लढाऊ जहाज तयार झालं. साडेतीन फूट लांब. ते बांधणाऱ्या नूरमहंमद मिस्त्रीनं जन्मात पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे भातोडीचा तलाव, आणि तोही वैशाखात, म्हणजे पाणी थोडं आणि म्हशी फार.

नूर मिस्त्री सुतार नव्हता आणि बुरूडही नव्हता. दोघांच्या मधे कुठंतरी बसायचा. बांबूच्या कामट्या, कागद, अभ्रक आणि गव्हाच्या पिठाची खळ, एवढ्यावर त्याचा संसार. दिवाळीला आकाशकंदील, नाताळला मिशन कंपाउंडातल्या लोकांसाठी चांदण्या आणि मोहरमला ताबूत. तिन्ही धर्मांचा उजेड तो एकाच पातेल्यातल्या खळीनं चिकटवी, आणि कुठल्याच धर्माची तक्रार नव्हती.

ताबुताचं काम बापाकडून आलेलं. बापानं जाताना दोन नियम सांगितले होते. पहिला असा की ताबूत पोकळ असावा, पण रिकामा नसावा. आत तुरबत, म्हणजे कबरीची लहानशी प्रतिमा, ठेवल्याशिवाय वरचे मजले चढवायचे नाहीत. दुसरा नियम असा की हातानं बांधलेलं पाण्यात थंडं केल्याशिवाय पुढच्या ताबुताला हात घालायचा नाही. मोहरमच्या दहाव्या दिवशी ताबूत बारवेत बुडवतात, त्याला 'थंडा करणं' म्हणतात. थंडा न केलेला ताबूत बांधणाऱ्याच्या घरात येऊन बसतो, असं बापाचं म्हणणं.

"बसतो म्हंजी काय करतो?" लहानग्या नूरनं विचारलं होतं.

"बसतो," बाप म्हणाला. "आनखी काय करायला पायजे?"

नूरला एकच मुलगा, महमूद. त्याला बांबू आवडला नाही. कामटी तासताना बोट कापलं की तो बोटाकडं न बघता कामटीकडं असं बघे की जणू तिनं मुद्दाम केलं. एकोणचाळीस साली तो मुंबईला गेला आणि एका मालवाहू बोटीवर भट्टीत कोळसा टाकायला लागला. त्याची पत्रं येत. मिशन शाळेत चित्रकला शिकवणारे शांतवन मास्तर ती वाचून दाखवत, कारण मिस्त्रीला उजेडाचं काम येत होतं, अक्षराचं येत नव्हतं. 'अम्मी,' महमूदनं लिहिलं होतं, 'इथं पाणी इतकं हाय की नगरला नेलं तर कयामतीपर्यंत पुरेल, पन एक घोट पिता येत न्हाई. मी बोटीच्या पोटात असतो. तीन फावडी कोळसा टाकायचा, एक दम खायचा, पुन्हा तीन फावडी. पाळी संपली की वरून घंटा होते, मग दुसरा येतो.' याच पत्रांतून घरात 'मनवार' हा शब्द आला. खलाशी लढाऊ जहाजाला मनवार म्हणतात.

बेचाळीसच्या एप्रिलात बंगालच्या उपसागरात जपानी मनवारींनी पुष्कळ बोटी बुडवल्या. जून लागता लागता कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि सांगितलं, "बोट बुडाली. महमूदचा पत्ता नाही."

"मेला असं लिवलंय का?" महमूदची आई मेहताबनं उंबऱ्यातून विचारलं.

"तसं नाही लिहिलेलं."

"मग झालं."

झालं म्हणजे असं झालं की घरात ना फातिहा, ना चाळिसावा. मेहताब रोज एक भाकरी जास्त थापी आणि शिंक्यात ठेवी. सकाळी ती शेळीला जाई. दोन वर्षांत शेळी अशी गुटगुटीत झाली की बोळातले लोक तिला खलाशीण म्हणू लागले. मेहताबच्या पुढ्यात मात्र कुणी म्हणत नसे. आणि नूर मिस्त्रीनं ताबुतासाठी बांबू उचललाच नाही. दोन मोहरम त्याच्या ताबुताशिवाय गेले. कंदील, चांदण्या, पोपटाचे पिंजरे तो करी. पण ताबुताची पहिली कामटी हातात घेतली की आत तुरबत ठेवायची आठवण होई, आणि मग तो कामटी परत ठेवी. परक्याच्या कबरीची प्रतिमा करायची आणि पोराला ओंजळभर मातीसुद्धा नाही, हे त्याच्या हातांना पटत नव्हतं.

चव्वेचाळीसच्या मार्चात शांतवन मास्तर भर दुपारी सायकल ढकलत बोळात आले. लढाईमुळं ते आता लष्कराच्या छावणीत नकाशे काढत होते. खाकी टोपी घालत, आणि ती त्यांना शोभत नाही हे त्यांना माहीत होतं.

"नूरभाई, जहाज बांधाल का?"

मिस्त्रीनं पोपटाच्या पिंजऱ्यातून वर पाहिलं. "मास्तर, ऊन लई हाय. आदी पानी प्या."

"उन्हाचं नाही हो. आमच्या कप्तान साहेबांनी वर्ग काढलाय. इथून ब्रह्मदेशाकडं, किनाऱ्यावर जाणाऱ्या तोफखान्याच्या पोरांना शत्रूची जहाजं ओळखायला शिकवायचंय. खोलीत अंधार करायचा, मागं पेट्रोमॅक्स, पुढं चादर, मधे जहाजाचा नमुना. सावली बघून सांगायचं, आपलं का जपान्याचं."

"मग सुतार न्हाईत का छावनीत?"

"एकानं केलाय नमुना. पोळपाटावर तांब्या ठेवल्यासारखा दिसतो. शिपाई म्हणाले, ओळखलं, ही न्याहारी." मास्तरांनी खिशातून एक फोटो काढला. "हे बघा. या मनवारीच्या मधोमध मनोरा आहे ना, तो कुणाला जमेना. मजल्यावर मजला, प्रत्येकाला कठडा, वर निमुळता. मी बघितला आणि म्हटलं, याला सुतार काय करणार? हा तर ताबूत आहे."

मिस्त्रीनं फोटो हातात घेतला. राखाडी पाणी, राखाडी आभाळ, आणि मधे ते. खरंच ताबूत होता. पाण्यावर चाललेला, तोफा लावलेला ताबूत. त्यानं मजले मोजले. मग विचारलं, "हीच का ती?"

मास्तरांना कळलं. ते म्हणाले, "हिच्यासारखी. हिची बहीण म्हणा. नक्की कुणाला ठाऊक?"

"बरं," मिस्त्री म्हणाला. "करतो. तोंड तर बगू दे तिचं."

घरात त्यानं सांगितलं की छावणीचं काम आहे, कसलातरी नमुना. मेहताबनं विचारलं नाही. त्या घरात दखनी बोलत आणि बाहेर नगरी. भांडण मात्र दोन्हीत होई. गेली दोन वर्षं ते कुठल्याच भाषेत होत नव्हतं.

मास्तरांनी माप आखून दिलं: दोनशे फुटांना एक फूट. मूळची मनवार सव्वासातशे फूट. मिस्त्रीनं वेताच्या बारीक कांबी वाकवून सांगाडा केला, त्यावर कामट्या, कामट्यांवर जुन्या वह्यांचे कागद, थरावर थर. नाखव्याच्या पोरानं पाहिला असता तर कपाळावर हात मारला असता, पण सांगाडा सुबक होता. मनोऱ्याला त्यानं आठ दिवस घेतले. मोडक्या छत्रीच्या काड्यांच्या आठ मोठ्या तोफा झाल्या, दोन-दोनच्या चार जोड्या. तोफांचे घुमट लाकडी, काढता-घालता आणि फिरवता येतील असे. साहेबाला फिरत्या तोफांची हौस. सायकलच्या तारांच्या डोलकाठ्या, काळ्या दोऱ्याचे ताण, शर्टाच्या गुंड्यांचे दिवे. काजळ, चुना आणि थोडी नीळ घोटून असा राखाडी रंग काढला की मास्तर म्हणाले, "नूरभाई, जपानी आरमारात जागा असली तर तुमचं नाव देऊ का?" पाण्याची रेघ, म्हणजे जिथवर बोट पाण्यात असते तिथवरची, त्यानं हिरमुजी, म्हणजे तांबूस, रंगानं ओढली. मग दाभणानं दोन्ही अंगांना गोल खिडक्यांच्या रांगा पाडल्या आणि मागून अभ्रक चिकटवला. एवढ्या बारीक खिडक्यांतून कोण बघणार, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं मास्तरांना विचारलं, "या मापानं मानूस केवढा हुईल?"

मास्तरांनी हिशेब केला. "भाताच्या दाण्याएवढा."

भाताचा दाणा. त्या दिवसापासून मिस्त्रीला जेवताना ताटात बघवेना.

मग ते ओलीचं सुरू झालं. नगरचा एप्रिल म्हणजे ओला कपडा दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. जहाज दिवसभर उन्हात. पण रेघेच्या खालचा कागद वाळेना. रेघेवर कोरडा, खणखणीत. रेघेखाली हात लावला की ओल बोटांना लागे. मिस्त्रीला वाटलं खळ पातळ झाली. त्यानं तेवढा भाग सोलून नवा चढवला. दुसऱ्या दिवशी तीच रेघ, तीच ओल. आणखी एक गोष्ट होती. खळीच्या पातेल्याला मुंग्या लागतात हा जगाचा नियम. या पातेल्याकडं एक मुंगी फिरकली नाही. मिस्त्रीनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

आवाज आला तो अशाच एका दुपारी. बोळ झोपला होता, शेळीसुद्धा. खर्र. खर्र. खर्र. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा खर्र, खर्र, खर्र. मिस्त्रीनं लिंबाकडं पाहिलं, खार असेल. कौलांकडं पाहिलं, उंदीर असेल. जहाजाकडं पाहायचं त्यानं बराच वेळ टाळलं. मग वाकून खिडकीच्या रांगेला कान लावला.

तीन फावडी, एक दम.

त्याचा बाप म्हणायचा, मेलेला मारणाऱ्याच्या मानेवर बसतो. बैलानं मारलेला माणूस त्या बैलाबरोबरच रानात जातो. आणि मिस्त्रीनं तर मारणारीच्या बहिणीचं तोंड हाडामासासकट घडवून अंगणात ठेवलं होतं. पोकळ. रिकामं.

जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, मेहताब पाण्याला गेली असताना, त्यानं बोटभर लांबीची तुरबत केली. इमामांची नव्हे; साधी, गरिबाची. महमूदच्या जुन्या निळ्या सदऱ्याचा कोपरा कापून तिच्यावर चादर घातली आणि ती जहाजाच्या पोटात, दुसऱ्या घुमटाखाली, खळीनं पक्की बसवली. वरून डेक चिकटवला. आता नियम पाळला होता. आवाज थांबायला हरकत नव्हती.

थांबला नाही.

मे महिन्यात जहाज छावणीत गेलं. एका बराकीच्या खिडक्यांना भर दुपारी कांबळी लावलेली, आत पेट्रोमॅक्स फुसफुसत होता. कप्तान साहेब लांब मानेचा, उन्हानं सोललेला. शिपाई त्याला मागून 'करकोचा' म्हणत. जहाज दिव्यापुढं ठेवलं आणि चादरीवर ती उभी राहिली. तोफा, काठ्या, ताण आणि मधे तो मनोरा. चादरीला वारा लागला तशी ती चालल्यासारखी वाटली. मिस्त्री दाराशी उभा होता. त्यानं मागं एक पाऊल टाकलं, आणि ते कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून खोकला.

"शाबास!" करकोचा म्हणाला. मग मान पुढं केली. "ये क्या हाय, मिस्तरी?"

एका अंगाच्या खिडकीतून आलेला उजेड समोरच्या खिडकीतून पार होत होता, त्यामुळं सावलीत ठिपक्यांची चमकती रांग दिसत होती. मधल्या पाच खिडक्या मात्र अंधाऱ्या. तिथं आत काहीतरी आडवं होतं.

शांतवन मास्तरांनी दुभाष्याचं काम केलं. साहेब म्हणतात, पोटात काय ठेवलंय?

"वजन," मिस्त्री म्हणाला. "तोल ऱ्हात न्हाई."

साहेब म्हणतात, पाण्यात कुठं सोडायचीय? काढून टाका. शिपाई उद्या ठिपके मोजून जहाज ओळखायला लागतील. सोमवारी पुन्हा आणा. तुम्हाला नाही जमलं तर सुतार डेक उचकटेल.

परत येताना मास्तरांच्या सायकलच्या कॅरिअरवर मनवार बांधली होती, वर पोतं. मास्तर सायकल हातानं ढकलत होते. किल्ल्यापाशी आल्यावर म्हणाले, "नूरभाई, वजन कसलं?"

मिस्त्रीनं सांगितलं.

मास्तर सायकल धरून उभेच राहिले. "म्हणजे जपान्याच्या जहाजात तुम्ही मुसलमानाची कबर बांधलीत, आणि मी ख्रिस्ताचा माणूस ती सायकलवरून नेतोय. वरती हे प्रकरण कुणाकडं सोपवायचं यावर भांडण होणार बघा." मग त्यांचा आवाज बदलला. "वहिनींना माहीत आहे?"

"न्हाई."

"मग आधी ते काम. डेकचं नंतर."

पण सांगायची पाळीच आली नाही. मिस्त्रीनं जहाज लिंबाखाली ठेवलं, दाभण घेतलं, डेकच्या सांध्याला लावलं, आणि हात तिथंच राहिला. पुरलेलं उकरायचं कसं? आणि सोमवारी सुतार उकरणार, ते बघायचं कसं? तो तसाच बसून राहिला. मेहताब चुलीपासून उठून आली. तिनं पहिल्यांदाच ती वस्तू नीट पाहिली.

"ही कसली बोट?"

"जपान्याची."

तिनं पदर खोचला. "ज्यानं आपली बुडवली त्याची? आन तुमी तिला गुंड्या लावत बसला हुता?"

"तिच्यात…" मिस्त्रीनं दुसऱ्या घुमटावर बोट ठेवलं. "तिच्यात मी महमूदला ठिवलंय."

काय ठेवलंय हे तिला समजायला थोडा वेळ लागला. तिनं दुसरा घुमट उचलला, भोकातून डोळा लावून पाहिलं. सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा पाहून शेळीसुद्धा चघळायची थांबली.

"निळा सदरा. आट दिवस पेटी उपसते मी. त्याचा कोपरा कुनी कातरला म्हनून." मग आवाज चढला. "मला न इचारता पुरलंत त्याला? दोन वर्सं मी त्याची भाकर ठेवते आन तुमी बापलेकात परस्पर मातीचं उरकलंत? आईला तोंड दाखवायची बी रीत न्हाई का तुमच्यात?"

"तोंड हुतं कुटं दाखवायला! आन आता साहेब म्हनतो, काढून टाका!" मिस्त्री ओरडला. दोन वर्षांत त्या घरात कुणी ओरडलं नव्हतं. समोरच्या राहीबाईनं खिडकी उघडली आणि प्रकार पाहून हलकेच लावून घेतली.

"काढा ते भायेर," मेहताब म्हणाली. "जित्या पोराची कबर माझ्या अंगनात नको. काढा. साहेब बी तेच म्हनतोय न्हवं? पयल्यांदा शहाना मानूस भेटला."

"हात घाल तू. माझी बोटं जाड हाईत."

तिनं उजव्या हाताची दोन बोटं भोकात घातली. तेवढ्यात आवाज आला.

खर्र. खर्र. खर्र.

तिची बोटं आतच राहिली. आवाज थांबला. मिस्त्री तिच्याकडं पाहत होता. म्हणजे हे आपल्या एकट्याच्या कानात नाही, हे त्याला तेव्हा कळलं, आणि त्याला बरं वाटलं की वाईट, हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पुन्हा तीन.

"एक दम," मेहताब पुटपुटली. ते पत्र तिला पाठ होतं. तिनं हात बाहेर काढला, बोटं जिभेला लावली. मग खाली बसली ती अशी बसली की पुन्हा उठेल असं वाटेना. "कामावर हाय त्यो," ती म्हणाली. "दोन वर्सं. कुनी घंटाच दिली न्हाई त्याला. दुसरा कुनी आलाच न्हाई त्याच्या जागी."

मिस्त्रीनं दाभण खाली ठेवलं.

"आन मी वर बसून भाकरी थापते, ये म्हनून. पाळी सोडून येनार कसा?"

ती उठली. लिंबाच्या बुंध्याशी गेली, मुळापाशी बोटांनी उकरून मूठभर माती आणली. जाड बोटांच्या माणसाला बाजूला सारून तिनं घुमटाच्या भोकातून एक चिमूट सोडली. दुसरी. तिसरी सोडताना तिचा हात भोकात मनगटापर्यंत जाईल असं वाटलं. मग तिनं चुलीवरचा तवा आणला आणि त्यावर उलथन्यानं एकच ठोका दिला. टण्ण.

"पाळी संपली, बाळा," ती म्हणाली. "दुसरा आलाय. तू पड आता."

बोळात दुपार होती तशीच होती. लांब कुठंतरी टांग्याचा घोडा खिंकाळला. जहाजातून मात्र फावड्याचा आवाज आला नाही. तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. मिस्त्री दोन्ही तळहात चेहऱ्यासमोर धरून फातिहा म्हणू लागला, आणि मधेच विसरला, तेव्हा पुढची ओळ मेहताबनं सांगितली.

संध्याकाळी तिनं विचारलं, "साहेबाचं दुखनं काय हाय नेमकं?"

"खिडक्यांतनं उजेड सारका येत न्हाई."

"लढाईवर जानारी बोट खिडक्यांत दिवे लावून फिरती व्हय? इतं सायरन झाला की आपल्या चिमण्या फुकायला लावतात, आन तिकडं जपान्याची दिवाळी? सांगा तुमच्या साहेबाला." आणि तिनं तव्याखालची काजळी खरडली, खळीत कालवली, सायकलच्या तारेला चिंधी बांधली आणि घुमटांच्या चारही भोकांतून एकेक खिडकी आतून काळी केली. मिस्त्रीनं आयुष्यभर उजेडासाठी अभ्रक लावला होता. अंधारासाठी काळा केलेला हा पहिलाच. त्या दिवशी शिंक्यात भाकरी नव्हती. सकाळी शेळीनं शिंक्याखाली उभं राहून बराच आरडाओरडा केला.

सोमवारी चादरीवरची सावली अखंड काळी होती. मास्तरांनी मेहताबचं म्हणणं स्वतःचं म्हणून सांगितलं. करकोचानं मान हलवली आणि म्हणाला, बरोबर, अगदी बरोबर, हे माझ्या आधी ध्यानात यायला हवं होतं. पुढच्या वर्षभरात किती फलटणी त्या बराकीत बसून गेल्या, कोण जाणे. त्यांतल्या कुणाला खरी मनवार दिसली की नाही, तेही माहीत नाही.

एक गोष्ट उरली होती. रेघेखालची ओल. मास्तर सांगत, छावणीतही ती वाळत नाही. जहाज ठेवतात त्या टेबलावर पांढुरका डाग पडलाय, पुसला की परत येतो. मिस्त्रीला त्याचं कारण ठाऊक होतं. जे बांधलं ते थंडं केलं नव्हतं. चव्वेचाळीसच्या डिसेंबरात मोहरम आला तेव्हा लोक म्हणाले, मिस्त्री, आता तरी बांधा. तो म्हणाला, "एक अडकलंय माझं. ते थंडं हुईस्तवर दुसऱ्याला हात न्हाई." अडकलंय कुठं? सरकारात. लोकांना वाटलं कोर्टाची भानगड आहे.

लढाई संपली. वर्ग मोडला. पंचेचाळीसच्या नोव्हेंबरात मास्तर धापा टाकत आले. "नूरभाई, करकोचा विलायतेला चाललाय आणि मनवार बरोबर नेतोय. दिवाणखान्यात ठेवणार म्हणे. तुम्हाला बोलावलंय, खोकं करायला."

मिस्त्री गेला. खोकं करायला माप घेतलं, आणि पट्टी खाली ठेवली. "मास्तर, सांगा साहेबाला. तिच्यात माझा मुलगा हाय. इतल्या पान्यात थंडा करायचाय. तिकडं गेला तर तसाच बसंल, साहेबाच्या घरात. मला दुसरं काय नको."

मास्तरांनी सांगितलं. काय शब्दांत सांगितलं ते त्यांचं त्यांना माहीत; त्यांचाच आवाज दोनदा बसला. साहेब हसला नाही हे खरं, पण त्याला पटलंही नाही. या देशात पाच वर्षं काढल्यावर माणूस पुष्कळ ऐकून घेतो. त्यानं जहाज दोन्ही हातांनी उचललं, हलवून पाहिलं, आणि आपण शंख धरतो तसं कानाला लावलं.

थोडा वेळ गेला. सोललेल्या चेहऱ्याचा रंग उतरत उतरत चुन्यासारखा झाला. त्यानं जहाज फार जपून खाली ठेवलं, रुमालानं कान पुसला, रुमालाकडं पाहिलं आणि म्हणाला, "ले जाओ. अभी."

काय ऐकलं ते कुणी विचारलं नाही. कानशिलावरचा ओला ओघळ मास्तरांनी पाहिला होता.

त्या मोहरमला दहाव्या दिवशी सावेडीच्या वाटेवरच्या बारवेत ताबूत थंडे झाले. दिवस कलला होता, माणसं परतायला लागली होती. मिस्त्री मुद्दाम मागं थांबला होता; इमामांच्या ताबुतांच्या रांगेत जपान्याची मनवार घालायची नाही, एवढं त्यालाही कळत होतं. सगळे गेल्यावर त्यानं आणि मास्तरांनी पांढऱ्या चादरीतून जहाज आणलं आणि पायऱ्या उतरून पाण्यावर सोडलं.

ते बुडेना. एवढी वर्षं त्यानं बांधलेलं सगळं पाण्यात टाकताच विरघळलं होतं. हे थोडं खाली गेलं, हिरमुज्या रेघेपर्यंत, बरोबर तिथवर, आणि थांबलं. मग सावकाश फिरलं आणि तोंड त्यांच्याकडं करून उभं राहिलं. तोफा, मनोरा, काळ्या खिडक्या.

"नूरभाई," मास्तर हळूच म्हणाले, "जरा वाईट बांधली असती तर चाललं असतं हो."

बायकांनी बारवेच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत अशी रीत होती. काठावर थांबलेली मेहताब उतरली. शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं जहाजाचा पुढचा भाग धरला, जवळ घेतला आणि दुसऱ्या घुमटावर हात ठेवला. ओठ हलले, काय म्हणाली ते मिस्त्रीलाही ऐकू आलं नाही. मग तिनं घुमट उचलून घेतला आणि त्या भोकातून ओंजळीनं पाणी घातलं. एक, दोन, तीन. चौथी घालावी लागली नाही. मनवार पुढून वाकली, मनोऱ्याचे मजले एकामागून एक पाण्याखाली गेले, मागच्या तोफा जरा वेळ वर राहिल्या. मग बारवेत नुसतं पाणी उरलं.

मिस्त्रीनं हात धुतले, आणि सवयीनं बोट जिभेला लावलं. गोडं पाणी होतं.

पुढं महिनाभर त्या वाटेचे लोक म्हणत राहिले की बारवेचं पाणी खारं झालंय. पण ते पाणी आधीपासूनच मचूळ, आणि त्या वाटेचे लोक आधीपासूनच तक्रारखोर. तो घुमट, छत्रीच्या दोन काड्यांसकट, मेहताबनं शिंक्यात ठेवला. आणि पुढच्या मोहरमच्या दोन महिने आधी लिंबाखाली बांबू येऊन पडले.